जयजयकार पाणिनीचा, अध्ययन मात्र कुणाचे?

‘अध्यक्षांची निवड वादग्रस्त ठरली.’ असे मथळे आम्ही पत्रकार नित्य देतो. पण वादग्रस्त काय? अध्यक्षांना निवडले ते, की अध्यक्षांनी कुणाला निवडले ते? शब्द तेच, क्रम तोच. अर्थ मात्र दोन. एक वाचक निवडणाऱ्यांना दोष देईल, दुसरा अध्यक्षांना.

नोम चॉम्स्की यांनी १९५७ साली ‘सिंटॅक्टिक स्ट्रक्चर्स’ या पुस्तकात याच जातीचे इंग्रजी उदाहरण घेतले. शिकाऱ्यांनी गोळी झाडली आणि शिकाऱ्यांवर गोळी झाडली, हे दोन्ही अर्थ देणारा तो एकच शब्दप्रयोग होता. एकाच दिसणाऱ्या रचनेमागे दोन भिन्न मूळ वाक्ये असू शकतात, असे त्यांनी दाखविले. मोजक्या नियमांतून भाषेतील अगणित वाक्ये सिद्ध करून दाखविणारे ते निर्मितिक्षम व्याकरण, ही त्यांची भूमिका.

हे सारे पश्चिमेने प्रथमच शोधले, असे मानणाऱ्यांनी ‘अष्टाध्यायी’चा दुसरा अध्याय उघडावा. कृदन्ताच्या योगात कर्त्यालाही षष्ठी होते आणि कर्मालाही, असे पाणिनी सांगतात. दोन्ही एकत्र आल्यास ती कर्मालाच व्हावी, हा निर्बंधही लगेच पुढच्या सूत्रात आहे. ‘अध्यक्षांची निवड’ या मथळ्यातील घोटाळ्याचे मूळ नेमके येथेच आहे! सुमारे चार हजार सूत्रांच्या या व्याकरणाला निर्मितिक्षम व्याकरणाचा एक अंश मानता येईल, हे चॉम्स्की यांनीही १९६५ च्या आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत मान्य केले आहे.

तथापि केवळ परक्यांकडे बोट दाखवून भागणार नाही. आपण स्वतः काय करतो? ‘संस्कृत ही संगणकासाठी सर्वोत्तम भाषा, असे नासाने जाहीर केले आहे’, हे वाक्य व्यासपीठावरून फेकतो आणि टाळ्या घेतो. वस्तुस्थिती एवढीच, की नासाच्या एम्स केंद्राशी संबंधित रिक ब्रिग्ज या संशोधकाने १९८५ मध्ये एका नियतकालिकात लेख लिहिला. शास्त्रीय संस्कृतातील अर्थविवरणाची पद्धती आणि संगणकातील ज्ञानमांडणी यांतील साम्य त्याने दाखविले. लेख मोलाचा आहे. पण एका अभ्यासकाचा लेख म्हणजे संस्थेचा निर्वाळा नव्हे.

संस्कृतात संदिग्धताच नाही, हा दावा तर आपल्याच परंपरेचा अवमान आहे. ‘इन्द्रशत्रु’ शब्दाची कथा पतंजलींनी महाभाष्याच्या आरंभीच स्मरली आहे. इन्द्राला मारणारा पुत्र त्वष्ट्याला हवा होता. परंतु स्वर चुकला, तत्पुरुषाचा बहुव्रीही झाला आणि इन्द्रच ज्याचा मारणारा, असा वृत्र जन्मला. आपल्या पूर्वजांनी संदिग्धता नाकारली नाही. तिची कारणे शोधली, नियम बांधले. त्यांची थोरवी यातच आहे.

आज शाळेत व्याकरण म्हणजे विभक्तिप्रत्ययांची घोकंपट्टी. त्याऐवजी मुलांपुढे ‘वृद्ध पुरुष व स्त्रिया यांना सवलत’ अशी पाटी ठेवावी आणि विचारावे, तरुण स्त्रीला सवलत मिळेल काय? ‘वृद्ध’ हे विशेषण कुठवर पोहोचते, हे ठरविताना वाक्यरचना आपोआप उमगेल. कायदा, करार आणि शासननिर्णय वाचताना उद्या हीच दृष्टी त्यांच्या कामी येईल.

पाणिनींना आपल्या घोषणांची गरज नाही. त्यांना विद्यार्थी हवे आहेत. ते आपण देणार आहोत काय?