काजव्यांचा हंगाम कुणाचा? धरणाकाठच्या गावांचा की पॅकेजवाल्यांचा?

रोहिणी लागल्या की आमच्या भंडारदऱ्याकडं दोन गोष्टींची चाहूल लागते. एक ढगांची, दुसरी "काजवा स्पेशल" पॅकेजच्या जाहिरातींची. ढग एखाद्या वर्षी चुकतात. जाहिराती चुकत नाहीत. जाहिरातीतल्या फोटोत सादड्याचं झाड असं पेटलेलं असतं, की दिवाळीत सोसायटीला माळा सोडल्यात. असे फोटो बहुतेक वेळा एकाच जागेवरून काढलेले कितीतरी फोटो एकमेकांवर चढवून केलेले असतात, हे त्यात लिहिलेलं नसतं. मग पाहुणा येतो, झाडाकडं बघतो आणि म्हणतो, "बस, एवढेच?" आणि मोबाईलची बॅटरी लावून अजून काजवे शोधायला लागतो.

पोस्ट लांब आहे, पण वाचा. आणि आधीच सांगतो, मी पर्यटनाच्या विरोधात नाही. माझ्या घरच्या दोन खोल्या मीसुद्धा पाहुण्यांना देतो. त्यामुळं "याला धंदा जमला नाही म्हणून जळतोय" ही कॉमेंट टाकायची घाई करू नका.

आधी थोडा जुना हिशोब.

प्रवरेवरचं हे धरण बांधायला १९१० साली सुरुवात झाली आणि १९२६ साली ते पुरं झालं. गव्हर्नर विल्सनचं नाव त्याला दिलं. अकरा टीएमसीचा साठा. शंभर वर्षं झाली, हे पाणी खाली जातंय. खालचा ऊस, खालचे कारखाने, खालची बाजारपेठ या पाण्यावर उभी राहिली. चांगलंच झालं, त्यांच्या ताटात माती कालवायची नाही. पण ज्यांची भातखाचरं पाण्याखाली गेली ते वर डोंगराला सरकले आणि पाणी त्यांच्या पायाशी राहूनही त्यांचं झालं नाही. घाटघर-रतनवाडीला नगर जिल्ह्याचं चेरापुंजी म्हणतात. त्याच पट्ट्यातल्या वाड्यांवर मे महिन्यात बायका हंडे घेऊन उतारावरून ये-जा करतात. समोर जलाशय चमकत असतो. धरण किती भरलं हे जिल्ह्याला पावसाळ्यात रोज कळतं. गावं किती रिकामी झाली हे कोण मोजतं?

हे सांगायचं कारण एवढंच, की या तळ्यानं एकदा आमच्याकडून घेतलं आणि दुसरीकडं दिलं. आता काजव्यांच्या नावानं तीच गोष्ट दुसऱ्यांदा होतेय. फरक इतकाच, की तेव्हा निदान सरकारनं सांगून घेतलं होतं.

काजवा म्हणजे नेमकं काय, ते समजून घ्या.

काजवा चमकतो तो तुमच्यासाठी नाही. तो जोडीदार शोधतोय. नर उडत उडत ठरावीक तालात उजेड देतो, मादी बहुतेक वेळा खाली गवतात, झुडपात बसून उत्तर देते. या जमलेल्या जोड्यांवर पुढच्या वर्षीचे काजवे अवलंबून. अंडी मातीत, ओलसर पाचोळ्यात. अळ्या कित्येक महिने जमिनीवर गोगलगायी, किडे खाऊन वाढतात. आणि एवढं करून पंख फुटल्यावर आयुष्य किती? दोन-तीन आठवडे. मे संपता संपता सुरू होतं आणि मृगाचा पाऊस नीट बसला की आटोपतं.

आता याच दोन-तीन आठवड्यांतल्या शनिवारची रात्र डोळ्यांपुढं आणा. जलाशयाभोवतीच्या अरुंद रस्त्यावर हेडलाइटची रांग. मुरशेत, पांजरे, उडदावणे, जिथं हिरडा-बेहडा-जांभळाची जुनी झाडं उरलीत, तिथं गाड्या थेट झाडाखाली. कुणी डिपर देतंय, कुणी डिकी उघडून गाणी लावलीत, कुणी काजवा बाटलीत धरून पोराला दाखवतंय. झाडाखालचं गवत तुडवून सपाट झालेलं. ज्या मादीनं उत्तर द्यायचं ती तुमच्या बुटाखाली, आणि ज्या नरानं ते बघायचं त्याच्या डोळ्यांवर एलईडीचा झोत. लग्नघरात शिरून लाइट घालवावी तसं आहे हे. फक्त इथं लाइट लावून लग्न मोडतंय.

शिवाय हे सगळं कुठं चालतं? कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात. १९८६ साली जाहीर झालेलं, साधारण ३६१ चौरस किलोमीटरचं. आमच्या आज्यानं वाळकं लाकूड आणलं की त्याला अभयारण्याचा कायदा सांगितला जायचा. डीजेवाल्याला कोण सांगतो?

"पण लोकांना रोजगार मिळतो ना!"

हे वाक्य मी दर वर्षी ऐकतो. म्हणून हिशोब करू. उदाहरणाला आकडे घेतो. समजा माणशी बाराशे रुपयांचं पॅकेज. पाच जणांचा ग्रुप, सहा हजार. बुकिंग शहरातल्या माणसाकडं, तो आपला वाटा आधी कापणार. तंबू बाहेरून आलेले, त्याचं भाडं तंबूवाल्याला. जनरेटर बाहेरचा. चिकन बाजारातून. ज्याच्या माळरानावर हे सगळं उभं राहतं त्याला पुऱ्या हंगामाचं ठोक भाडं, ते एकदाच. आणि जी बाई धुरात बसून शंभर माणसांच्या भाकरी थापते तिला रोज. ताटात नागलीची भाकर, जाहिरातीत "ऑथेंटिक आदिवासी जेवण", आणि आदिवासीच्या हाती काय, तर दिवसाची हजेरी. दुसऱ्या दिवशी कचरा मात्र पुरा आमचा. बाटल्या, प्लेटा, कुरकुऱ्यांची पाकिटं, सगळं पहिल्या पावसात वाहून जलाशयात. खालच्या लोकांनो, हेच पाणी तुमच्याकडं येतं बरं का.

जमिनीचंही बोलू, कारण त्यावर कुणी बोलत नाही. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला विकायची सोडा, भाडेपट्ट्यानं द्यायची तरी जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ नुसार जिल्हाधिकाऱ्यांची आधी परवानगी लागते. मग तळ्याकाठी जिथं नजर जाईल तिथं पत्र्याचे कंपाउंड मारून जे रिसॉर्ट उभे राहतायत, त्यातल्या किती जणांकडं तो कागद आहे? मी आरोप करत नाही, प्रश्न विचारतोय. ज्याच्याकडं कागद आहे त्यानं तो गेटवर लावावा. आम्ही स्वतः जाऊन हार घालू.

रोजगार म्हणजे आपल्या गावात आपण मालक असणं. तीन आठवडे आपल्याच शेतात वेटर आणि दिवाळीनंतर पुन्हा नारायणगावच्या मजूरबाजारात उभं राहणं, याला रोजगार म्हणत असाल तर म्हणा. मी नाही म्हणणार.

"मग बंदच करा हा तमाशा!"

नाही. हेही मला मान्य नाही. शहरातले काही निसर्गप्रेमी मित्र दर वर्षी बंदीची मागणी करतात. त्यांचा हेतू चांगला आहे, पण बंदी आली की पहिला मार कुणाला? पडवीत चार गाद्या टाकून पाहुणे ठेवणाऱ्या घराला. मोठ्या रिसॉर्टला बंदीच्या काळातही "फॅमिली गेट-टुगेदर" करता येतं. काजवे बघायला कुणी येऊच नये असं नाही. माझी पोरं ज्या झाडाखाली वाढली ते झाड बघून मुंबईचं पोर गप्प होतं, हे मला आवडतं. पण येण्याची रीत ठरली पाहिजे आणि ती ठरवणारा गाव पाहिजे.

हे जमतं का? जमतं. साताऱ्याचं कास पठार बघा. फुलांच्या हंगामात दिवसाला ३,००० माणसांची मर्यादा, ऑनलाइन बुकिंग, शुल्क, गाड्या लांब उभ्या आणि कारभारात आसपासच्या गावांच्या वन समित्या. तिथंही कुरबुरी आहेत, सगळं सोन्याचं नाही. पण निदान फुलं किती पाय सोसतील हा प्रश्न कुणीतरी विचारला. काजव्यांच्या बाबतीत तो अजून विचारलाच गेला नाही.

आणि कायदा आपल्या बाजूनं आहे, हे आपल्याच लोकांना माहीत नाही. अकोल्याचा हा पश्चिम पट्टा अनुसूचित क्षेत्रात येतो. पेसा कायदा १९९६ चा. वनहक्क कायदा २००६ चा. दोन्हींत ग्रामसभेला मान आहे. पण ग्रामसभा भरते कधी, तर घरकुलाची यादी असली की. काजव्यावर ग्रामसभा भरवा की एकदा!

मागण्या सरळ आहेत.

१. हंगामात संध्याकाळनंतर बाहेरच्या खासगी गाड्या शेंडीतच थांबाव्यात. पुढं गावांच्या जीप, ठरलेल्या फेऱ्या, ठरलेला दर. गर्दीही आटोक्यात आणि पैसाही गावात.

२. रोज किती माणसं सोडायची हे कीटक अभ्यासकांना विचारून, ग्रामसभेच्या ठरावानं ठरवावं. बुकिंगशिवाय प्रवेश नाही.

३. काजव्यांच्या झाडांपासून तंबू, जनरेटर, स्पीकर लांब. काही झाडं पूर्ण राखीव, तिथं माणूसच जाणार नाही. काजव्यालाही सुट्टी पाहिजे.

४. प्रत्येक गटाबरोबर गावचा वाटाड्या सक्तीचा. त्याला प्रशिक्षण आणि ओळखपत्र द्या.

५. प्रवेशाच्या पावतीतला ठरावीक वाटा थेट गावाच्या खात्यात. त्यातून आधी वाड्यांवरचं पिण्याचं पाणी, मग कचरा. आणि खर्चाचा फलक चावडीवर.

६. मुक्कामाची परवानगी देताना आधी गावातली घरं. घरात जागा भरल्याशिवाय बाहेरच्या तंबूला परवानगी नको.

आणखी एक. सगळा जोर तीन आठवड्यांवर आहे म्हणून ही झुंबड आहे. भाद्रपद-आश्विनात सोनकीनं डोंगर पिवळे होतात. थंडीत रतनगड आहे, कळसूबाई आहे, रात्री आकाशात चांदण्या मावत नाहीत. पाणी आटलं की साम्रदची सांदण दरी आहे. रतनवाडीचं अमृतेश्वराचं मंदिर तर बारमाही आहे. पाहुणा वर्षभर थोडा थोडा आला तर घर चालतं. एकदम आला तर घर तुडवलं जातं.

पाहुण्यांनो, तुम्हालाही हात जोडून सांगतो. शनिवारीच आलं पाहिजे असं नाही, मंगळवारीही काजवे चमकतात. बुकिंग करताना एकच प्रश्न विचारा: जागेचा मालक कोण आणि तो कुठल्या गावचा? उत्तर द्यायला समोरचा अडखळला तर दुसरीकडं बघा. झाडाखाली आल्यावर मोबाईल खिशात ठेवा. डोळे अंधाराला सरावायला दहा-पंधरा मिनिटं लागतात. तेवढा धीर नसेल तर तो फोटो घरी बसूनही दिसतो, डिझेल तरी वाचेल.

आणि आपल्या गावकऱ्यांना शेवटचं. पंधरा दिवसांच्या भाड्यासाठी बांध दुसऱ्याच्या हातात देऊ नका. आपल्या शेजाऱ्यांना विचारा, पूर्वी अंगणातल्या झाडावर किती काजवे यायचे आणि आता किती येतात. रिसॉर्टवाला काजवे संपल्यावर दुसरं तळं शोधेल, त्याचे तंबू गुंडाळता येतात. आपली घरं गुंडाळता येत नाहीत.

पुढच्या ग्रामसभेत हा विषय पत्रिकेवर घ्या म्हणून मी लेखी अर्ज देतोय. सही करायला कोण येतंय, खाली नाव लिहा. पटलं नसेल तर कॉमेंटमध्ये भांडा, पण मुद्द्यावर भांडा.