‘आई कुठे होती?’ हा प्रश्नच आपण नाकारू या

पोर घरात कोंडले गेले की जिन्यात जमलेल्या गर्दीतून पहिला प्रश्न येतो, ‘आई कुठे होती?’ मला या प्रश्नाची चीड येते.

आई बहुतेक वेळा तिथेच असते. कचऱ्याचा डबा ठेवायला ती दाराबाहेर येते, वाऱ्याने दार आपटते आणि लॅच लागते. नाहीतर दीड-दोन वर्षांचे पोर खेळता खेळता न्हाणीघराची खालची कडी सरकवते. लावणे त्याला जमते, घाबरल्यावर काढणे जमत नाही. दोष त्या खालच्या कडीचा, दुसरी किल्ली शेजारी न ठेवण्याचा. तरी बोल आईलाच. बाप कामावर होता एवढे म्हटले की तो सुटतो. ती घरातले काम करत होती, हे मात्र कामात धरले जात नाही.

या बोल लावण्याने पोराचाही जीव टांगणीला लागतो. सासू सुनेला फैलावर घेते आहे, आत पोर हंबरडा फोडते आहे आणि अग्निशमन दलाला फोन कुणीच केलेला नाही, असे मी आमच्याच मजल्यावर पाहिले आहे. बोलणी खावी लागतील या धास्तीने बाई हाक मारायलाही कचरते.

करायचे ते साधे असते. आईने दाराशी बसून शांतपणे बोलत राहावे, दुसऱ्या कुणीतरी १०१ किंवा ११२ला फोन करावा. आत गॅस चालू असेल, पोराचा आवाज येईनासा झाला असेल, तर वाट न पाहता दार तोडावे. पोराला आधी दारापासून लांब जायला सांगावे. शेजारच्या गॅलरीतून कुणाला चढू देऊ नये.

पण प्रश्न एका कडीचा नाही. मूल सांभाळणे हे एकट्या बाईचे काम, असे कायदाही धरून चालत आला. १९४८च्या कारखाना कायद्याने पाळणाघराची सक्ती केली ती स्त्री-कामगारांची संख्या मोजून. जणू पुरुष-कामगारांना मुलेच नसतात! २०१७ साली मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली. ५० कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघर आले, दिवसातून चार वेळा मुलाला भेटण्याची मुभाही आली, पण ती बाईला. बापाचे नावच नाही. आणि चार घरची धुणीभांडी करणारीला कुठली आस्थापना? ती पोराला आत ठेवून बाहेरून कडी घालते तेव्हा तो अपघात नसतो, तिच्यापुढे दुसरा मार्ग नसतो.

म्हणून मैत्रिणींनो, वस्तीवस्तीत खालच्या कड्या काढायला लावू या, दुसरी किल्ली शेजारणीकडे ठेवू या. आणि पुढच्या वेळी जिन्यात तो प्रश्न आला, की उलट विचारू या: बाप कुठे होता? वस्तीतले पाळणाघर कुठे आहे?