तबकडी पुरती ऐका

गेल्या रविवारी आम्ही टी.व्ही. बंद केला, चांगले स्पीकर जोडले आणि कृष्णवर्णीय अमेरिकन ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांची १९५९ सालची 'काइंड ऑफ ब्लू' ही तबकडी घरच्यांसह सलग ऐकली. पाच रचना, पाऊण तास, शब्द एकही नाही. लहान रेडिओत हरवणारा बासचा खर्ज इथे छातीत उतरला. ध्वनिमुद्रणाचे यंत्र हळू चालल्याने पहिल्या बाजूच्या तिन्ही रचना किंचित चढ्या सुरात विकल्या जात. १९९२ साली ती चूक सुधारली. कानाला फरक कळतो बरे!

तबकडी आली त्याच ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या 'बर्डलँड' क्लबबाहेर पोलिसांनी या वादकाचे डोके फोडले. आत त्यांचाच कार्यक्रम होता. बाहेर उभे होते आणि हटकल्यावर हलले नाहीत, एवढेच. हे मुलांना सांगितले, मग दुसरी बाजू लावली. धाकटीने आवाज वाढवायला सांगितले.