दीड तासाची थाप

"पुणे-बंगळूर काय, दीड तास!" मॅनेजर लोकांचं लाडकं वाक्य. मंडळी, हवाई अंतर जेमतेम सव्वासातशे किमी, मान्य. पण तो दीड तास गेट ते गेट! हिंजवडी-लोहगाव एक तास, दोन तास आधी हजेरी, वर दीड तास विमान. २००८ पासून उतरायचं देवनहळ्ळीला, आणि इलेक्ट्रॉनिक सिटी शहराच्या पार दुसऱ्या टोकाला: ट्रॅफिकमध्ये आणखी दोन तास. झाले की साडेसहा! म्हणजे अकराच्या मीटिंगसाठी पहाटे साडेचारला घर सोडा. टाइमशीटमध्ये प्रवास मात्र शून्य. अंतर दारापासून दारापर्यंत मोजा. तेवढे तास कामाचे धरा, नाहीतर मीटिंग फोनवर घ्या. विमानाचा वेग आमच्या झोपेतून कशाला वसूल करता?