'स्वमग्न' म्हणून सोडून दिलेले

ऑटिझमला मराठीत आपण 'स्वमग्नता' म्हणतो. शब्द सुबक आहे आणि म्हणूनच फसवा आहे. आपल्या भाषेत मग्न माणूस सुखी असतो. कोणी भजनात मग्न, कोणी वाचनात. अशाला हाक मारून भानावर आणू नये, असा संकेत आहे. तेव्हा स्वमग्न माणसालाही कोणाची उणीव भासत नसणार, टोमणा त्याच्यापर्यंत पोहोचत नसणार, एकाकीपण त्याला बोचत नसणार, असे समाजाने परस्पर ठरवून टाकले आहे. या समजुतीविरुद्ध आम्ही लेखणी उचलत आहोत, कारण ती माणसांच्या जिवावर उठणारी आहे.

२०१४ साली 'लॅन्सेट सायकिअॅट्री' या नियतकालिकात इंग्लंडमधील ३७४ व्यक्तींची पाहणी प्रसिद्ध झाली. ऑटिझमचाच एक प्रकार मानल्या गेलेल्या अॅस्पर्जरचे निदान त्यांना प्रौढ वयात मिळाले होते. त्यांपैकी ६६ टक्क्यांनी आत्महत्येचे विचार मनात आल्याचे सांगितले. ३५ टक्क्यांनी तसा बेत वा प्रयत्न केला होता. स्वीडनमध्ये २७ हजारांहून अधिक ऑटिस्टिक व्यक्तींच्या नोंदी तपासणारा अभ्यास २०१६ साली आला. त्यात आत्महत्येने मरण येण्याची शक्यता इतरांच्या सुमारे साडेसात पट आढळली. हा धोका बौद्धिक अक्षमता नसलेल्यांत अधिक होता, म्हणजे जे बोलतात, शिकतात, नोकरी करतात आणि ज्यांच्याविषयी आपण निर्धास्त असतो, त्यांच्यात!

'ती पाश्चात्त्य राष्ट्रे. आपल्याकडे कुटुंब आहे, श्रद्धा आहे,' हे उत्तर आम्हांस पाठ झाले आहे. परंतु ब्रिटनमधील २०१८ च्या अभ्यासात या विचारांशी निगडित म्हणून जी कारणे पुढे आली, त्यांत एक होते स्वतःचे वेगळेपण सतत लपवत राहणे. लपवण्याची सक्ती आपल्याकडे कमी आहे काय? वसईतील एखाद्या लग्नघरी डोळे उघडे ठेवून जावे. बँडच्या आवाजाने कानांवर हात ठेवणाऱ्या मुलाला मामा हात धरून नाचायला ओढतो, आत्या पाहुण्यांच्या डोळ्यांत डोळे घालून बोलायला लावते. बिचारा शिकतो. ओठ हसरे ठेवतो, हात खिशात कोंबतो, घरी येऊन अंथरुणाला खिळतो. मग 'आता अगदी आपल्यासारखा झाला हो!' असे कौतुक होते. ते कौतुक म्हणजे लपण्याची मजुरी होय.

त्याहून संतापजनक प्रकार म्हणजे अशा मुलांना बाधा झाल्याचे सांगून आरोग्य-प्रार्थनेच्या मेळाव्यांत पुढे उभे करणे. प्रार्थनेला आमचा विरोध कसा असेल? परंतु जन्मांधाला पाहून पाप कोणाचे, याचे की आईबापांचे, असे शिष्यांनी विचारले, तेव्हा प्रभूने दोन्ही पर्याय नाकारले, हे योहानाच्या नवव्या अध्यायात वाचूनही कोणी आईबापांची पापे उकरत असेल, तर त्याने शुभवर्तमान पुन्हा उघडावे.

आत्महत्येसंबंधीही गावाची जीभ चर्चच्या फार मागे आहे. बुद्ध्या आत्महत्या करणाऱ्याला ख्रिस्ती दफन नाकारणारा नियम १९१७ च्या धर्मसंहितेत होता. १९८३ च्या संहितेत तो उरला नाही. १९९२ च्या कॅथॉलिक धर्मशिक्षणग्रंथाने गंभीर मानसिक व्याधीमुळे जबाबदारी कमी होते हे मान्य केले आणि अशांच्या तारणाची आशा सोडू नये असे सांगितले. देशाच्या २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानेही प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरले. तरी मयताच्या घरी 'श्रद्धा कमी पडली' हे वाक्य ऐकू येतेच. ते ऐकणाऱ्यांत तसाच विचार मनात घोळणारा दुसरा कोणी बसलेला असतो.

एलिया संदेष्टा झुडपाखाली बसून मरण मागत होता. देवदूताने त्याला प्रवचन दिले नाही. भाकर दिली, पाणी दिले, झोपू दिले, आणि पुन्हा उठवून खाऊ घातले. आम्हां धर्मगुरूंना सेमिनरीत बोलायला शिकवतात. हा क्रम मात्र स्वयंपाकघरातल्या माउलीला अधिक कळतो.

ऑटिस्टिक व्यक्तीचा चेहरा शांत असला म्हणून मन शांत असेलच असे नाही. 'कसे वाटते?' या मोघम प्रश्नाला अनेकांना उत्तर सापडत नाही. 'जीव द्यावासा वाटतो का?' असे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही. बोलवत नसेल तर लिहू द्यावे. उत्तर होकारार्थी आले तर एकटे सोडू नये, घातक वस्तू हाताशी ठेवू नयेत आणि त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञ गाठावा.

आणि धर्मग्रामाने काय करावे? अपंगांना त्यांच्या कुवतीनुसार धर्मशिक्षण मिळेल हे पाहणे धर्मगुरूचे कर्तव्य आहे, असे धर्मसंहितेचे ७७७ वे कलम सांगते; ती मेहेरबानी नव्हे. 'शांत बसत नाही' म्हणून कोणाचा प्रथम ख्रिस्तशरीर संस्कार लांबणीवर टाकू नये. ध्वनिवर्धकाविना एक मिस्सा ठेवावी. शांतिचिन्हाच्या वेळी हात ओढू नये. सणाचे फटाके वर्ज्य करावेत. यावर कार्यकारी मंडळे नाराज होतील, होवोत. केंद्र सरकारची 'टेलि-मानस' सेवा २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य मिळते, मराठीतही. हा क्रमांक चर्चच्या फलकावर विवाहघोषणांच्या शेजारी लावण्यास किती खर्च येतो, ते कोणी आम्हांस कळवावे.