गणिताचा पेपर, घराची झडती : ऑनलाइन परीक्षेत नेमके काय तपासले जाते?

ऑनलाइन पदवीच्या जाहिराती आता आपल्या वस्त्यांमधल्या मोबाईलवर रोज दिसतात. बीसीए, डेटा सायन्स, बीएस्सी. नोकरी करत शिका, घरबसल्या शिका. सप्टेंबर 2022 मध्ये यूजीसीने जाहीर केले की, मान्यताप्राप्त संस्थेची ऑनलाइन किंवा दूरस्थ पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची मानली जाईल. त्यानंतर या अभ्यासक्रमांकडे बघण्याची दृष्टी बदलली. दिवसा दुकानात, गोदामात किंवा डिलिव्हरीच्या कामावर असणारी मुले-मुली रात्री लेक्चर ऐकू लागली.

ही गोष्ट आपल्या समाजाला नवी नाही. बाबासाहेबांनी 1946 मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू केले, तेव्हा नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे म्हणून सकाळचे वर्ग ठेवले. शिक्षणाची वेळ कामगाराच्या सोयीने ठरली पाहिजे, हा त्यामागचा विचार होता. ऑनलाइन शिक्षण त्याच वाटेवरचे पुढचे पाऊल ठरू शकते. पण लेक्चरची वेळ सोयीची असून भागत नाही. विद्यार्थी अडतो तो परीक्षेपाशी, आणि त्यातही पहिल्या वर्षाच्या गणितापाशी. संगणक, विज्ञान, अर्थशास्त्र, डेटा सायन्स यांपैकी काहीही घ्या, सुरुवातीलाच कॅल्क्युलस येते. इंजिनीअरिंगला जाणाऱ्यांना ‘एम-वन’, ‘एम-टू’ची केटी काय असते, हे वेगळे सांगायला नको.

म्हणून प्रश्न असा की, घरून दिलेल्या कॅल्क्युलसच्या परीक्षेत विद्यार्थ्याचे गणित तपासले जाते, की त्याचे घर?

ही पद्धत आली कुठून?

घरून परीक्षा देण्याची सवय आपल्याकडे टाळेबंदीने लावली. यूजीसीने 6 जुलै 2020 रोजी अंतिम वर्षाच्या परीक्षा सप्टेंबरअखेर घेण्याचे निर्देश दिले. महाराष्ट्र सरकारला त्या परीक्षा नको होत्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि 28 ऑगस्ट 2020 रोजी निकाल आला : परीक्षेशिवाय पदवी नाही, राज्यांना फार तर मुदतवाढ मागता येईल. मग ऑक्टोबरमध्ये घाईघाईने बहुपर्यायी प्रश्नांच्या ऑनलाइन परीक्षा झाल्या. मुंबई विद्यापीठाच्या ‘आयडॉल’ या दूरस्थ शिक्षण संस्थेच्या परीक्षा सायबर हल्ल्याचे कारण देऊन पुढे ढकलाव्या लागल्या.

त्याआधीच्या 2017-18 च्या राष्ट्रीय नमुना पाहणीने सांगितले होते की, ग्रामीण भारतात सुमारे 4 टक्के घरांत संगणक आहे आणि शहरांत सुमारे 23 टक्के. इंटरनेटची सोय ग्रामीण भागात सुमारे 15 टक्के घरांत आणि शहरी भागात सुमारे 42 टक्के घरांत होती. त्यानंतर मोबाईल आणि डेटा खूप पसरला, हे खरे. पण मोबाईलवर लेक्चर ऐकता येते. कॅमेरा सुरू ठेवून दोन तास गणिताचा पेपर सोडवणे ही वेगळी गोष्ट आहे. टाळेबंदी उठली, तरी परीक्षा घरून घेण्याचा हा मार्ग काही ऑनलाइन अभ्यासक्रमांत टिकून राहिला.

कॅल्क्युलस कागदावरच सुटते

इतिहासाचा किंवा व्यवस्थापनाचा बहुपर्यायी पेपर स्क्रीनकडे बघत देता येतो. कॅल्क्युलसचा देता येत नाही. इंटिग्रेशनचे उदाहरण आले की मान खाली जाते, पेन चालते, पाच-सहा ओळी लिहिल्या जातात, पुन्हा वर पाहिले जाते. पण निगराणीचे सॉफ्टवेअर, म्हणजे प्रॉक्टरिंग, नजर स्क्रीनवरून हटली की शंका घेते. मान खाली घालणे ही गणित सोडवण्याची रीत आहे. सॉफ्टवेअरच्या लेखी ती संशयास्पद हालचाल ठरते. जो विद्यार्थी प्रामाणिकपणे कागदावर सोडवतो, त्याच्याच नावापुढे खुणा जास्त पडण्याचा धोका.

काही ठिकाणी उत्तरपत्रिका कागदावर लिहून तिचे फोटो काढायचे, पीडीएफ करायची आणि ठराविक मिनिटांत अपलोड करायची, अशी पद्धत असते. ही पद्धत गणितासाठी जास्त न्याय्य आहे, कारण पायऱ्यांना गुण मिळतात. पण वेळ संपत आलेली असताना पंधरा पानांचे फोटो, अंधारी खोली आणि अडकलेले नेटवर्क हे सगळे एकत्र आले की पेपर लिहूनही न लिहिल्यासारखा होतो. अभ्यासिकेत येणाऱ्या मुलांशी बोलताना हा अनुभव मी वारंवार ऐकते. “ताई, पेपर सोपा होता, अपलोड झाला नाही,” हे वाक्य एका मुलाचे नाही.

कॉपी होते, हे मान्य केले पाहिजे

निगराणी नको, असे म्हणणे सोपे आहे. पण घरून दिलेल्या गणिताच्या परीक्षेत कॉपी होते, हे नाकारून चालणार नाही. वुल्फ्रम अल्फा 2009 पासून आहे. फोटोमॅथसारख्या अ‍ॅपवर उदाहरणाचा फोटो काढला की पायऱ्यांसह उत्तर येते. नोव्हेंबर 2022 मध्ये चॅटजीपीटी आले आणि हे आणखी सोपे झाले. पदवीची किंमत टिकवायची असेल, तर परीक्षेवर विश्वास हवा. आणि पदवीची किंमत घसरली, तर सर्वांत मोठा फटका आपल्याच मुलांना बसेल. ज्यांच्याकडे ओळख नाही, वडिलोपार्जित धंदा नाही, त्यांच्याकडे दाखवायला फक्त ती पदवीच असते.

पण कॉपीला उत्तर म्हणून जे केले जाते, त्यातून गणितच बिघडते. बहुपर्यायी प्रश्नाचेच घ्या. ‘एक्स गुणिले साइन एक्स’चे इंटिग्रेशन विचारले आणि चार पर्याय दिले. हे ‘बाय पार्ट्स’ने सोडवायला हवे. पण हुशार विद्यार्थी तसे करत नाही. तो चारही पर्यायांचे डिफरन्शिएशन करून बघतो. ज्यातून मूळ राशी परत येते, ते उत्तर. म्हणजे प्रश्न इंटिग्रेशनचा, तपासले गेले डिफरन्शिएशन. हा चोरीचा प्रकार नाही, प्रश्न काढण्यातली ढिलाई आहे. क्लासला जाणाऱ्या मुलाला ही युक्ती आधीच शिकवलेली असते. पहिल्या पिढीतल्या विद्यार्थ्याला ती सांगणारे घरात कोणी नसते. कॅमेरा कितीही लावा, हा फरक कॅमेऱ्यात येत नाही.

खोली दाखवा

अनेक ऑनलाइन परीक्षांत सुरुवातीला वेबकॅम फिरवून खोली दाखवावी लागते. अमेरिकेतील ओहायो राज्यात क्लीव्हलँड स्टेट युनिव्हर्सिटीच्या एका विद्यार्थ्याने याला न्यायालयात आव्हान दिले. फेब्रुवारी 2021 मध्ये रसायनशास्त्राच्या परीक्षेआधी त्याला आपली झोपण्याची खोली कॅमेऱ्यावर दाखवावी लागली होती. ऑगस्ट 2022 मध्ये तिथल्या संघीय जिल्हा न्यायालयाने निर्णय दिला की, सरकारी विद्यापीठाने परीक्षेसाठी घराची अशी पाहणी करणे ही झडती आहे आणि त्यांच्या राज्यघटनेच्या चौथ्या दुरुस्तीनुसार ती अवाजवी आहे.

त्या विद्यार्थ्याला निदान दार बंद करता येईल अशी खोली तरी होती. मुंबईतल्या जुन्या एसआरए इमारतीतले घर 225 चौरस फुटांचे. तिथे ‘खोलीत दुसरे कोणी नको, आवाज नको’ हा नियम पाळायचा, तर आईने स्वयंपाक थांबवायचा, आजोबांनी जिन्यात बसायचे आणि रात्रपाळी करून आलेल्या भावाने झोपायचे नाही. चाळीत शेजारच्या लग्नाचा डीजे कोण बंद करणार? परीक्षेच्या या अटी लिहिताना डोळ्यांसमोर स्वतंत्र अभ्यासाची खोली असलेले घर होते. ज्याचे घर तसे नाही, तो पहिला प्रश्न वाचण्याआधीच संशयित झाला.

आपल्याकडेही कायद्याचा आधार आहे. 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने पुट्टस्वामी प्रकरणात खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निकाल दिला. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार संमती मोकळेपणाने, माहिती देऊन आणि विनाअट घेतलेली असावी लागते. ‘कॅमेऱ्याला परवानगी द्या, नाहीतर पेपर उघडणार नाही’ अशी मिळवलेली संमती किती मोकळी आहे, हा प्रश्न विद्यापीठांना विचारलाच पाहिजे.

कॅमेऱ्याला कोणाचा चेहरा दिसतो?

आता चेहऱ्याचा प्रश्न. 2018 मध्ये जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू यांनी चेहऱ्यावरून स्त्री-पुरुष ओळखणाऱ्या व्यावसायिक सॉफ्टवेअरची तपासणी केली. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक फार तर 0.8 टक्के होती; सावळ्या-काळ्या स्त्रियांच्या बाबतीत ती 34.7 टक्क्यांपर्यंत गेली. पुढे नेदरलँड्समध्ये रॉबिन पोकॉर्नी या कृष्णवर्णीय विद्यार्थिनीने तक्रार केली की, परीक्षेचे सॉफ्टवेअर तिचा चेहरा ओळखत नव्हते आणि तिला तोंडावर दिवा लावून बसावे लागले. डिसेंबर 2022 मध्ये तिथल्या मानवी हक्क संस्थेने अंतरिम निर्णयात भेदभावाचा सकृद्दर्शनी संशय मान्य केला आणि तो खोडून काढण्याची जबाबदारी विद्यापीठावर टाकली. ऑक्टोबर 2023 च्या अंतिम निर्णयात मात्र तिच्या बाबतीत भेदभाव सिद्ध झाला नाही, असे म्हटले. पण विद्यापीठाने तक्रार नीट हाताळली नाही, असा ठपकाही ठेवला.

अंतिम निर्णय तिच्या विरोधात गेला, हे लपवण्याचे कारण नाही. त्यातून शिकण्यासारखे असे की, सॉफ्टवेअरचा भेदभाव विद्यार्थ्याने एकट्याने सिद्ध करणे फार कठीण असते, कारण सगळी नोंद कंपनीकडे आणि विद्यापीठाकडे असते. ट्यूबलाइटच्या अंधुक उजेडात, स्वस्त वेबकॅमपुढे बसलेल्या सावळ्या मुलीच्या बाबतीत हे सॉफ्टवेअर कसे वागते, याची तपासणी करून निकाल जाहीर करणे ही विद्यापीठाची जबाबदारी असायला हवी.

यंत्राच्या नोंदीवर विसंबून आरोप केले की काय होते, तेही दिसले आहे. 2021 मध्ये अमेरिकेतील डार्टमथच्या वैद्यकीय महाविद्यालयाने ऑनलाइन प्रणालीतील नोंदींच्या आधारे 17 विद्यार्थ्यांवर कॉपीचा आरोप ठेवला. त्या नोंदी विद्यार्थ्याने काही न करताही आपोआप तयार होऊ शकतात, हे पुढे आले आणि आरोप मागे घ्यावे लागले. त्या विद्यार्थ्यांच्या बाजूने तज्ज्ञ आणि वकील उभे राहिले होते. आपल्या वस्तीतल्या मुलीकडे ‘परीक्षा रद्द’ असा ई-मेल आला, तर ती कोणाकडे जाणार?

मग मार्ग कोणता?

मार्ग आपल्याच देशात आहे. आयआयटी मद्रासचा डेटा सायन्सचा बीएस अभ्यासक्रम शिकवला जातो ऑनलाइन; पण त्याच्या क्विझ आणि सत्र परीक्षा केंद्रावर जाऊन द्याव्या लागतात. एनपीटीईएलच्या अभ्यासक्रमांतही घरून केलेल्या असाइनमेंटला 25 टक्के आणि केंद्रावरच्या परीक्षेला 75 टक्के वजन असते. केंद्रावर सगळ्यांना सारखे टेबल, सारखा उजेड, सारखी शांतता. नेटवर्क गेले तर जबाबदारी केंद्राची. कोणाच्या आईला स्वयंपाक थांबवावा लागत नाही.

केंद्राचाही खर्च असतो, हे खरे. गडचिरोली किंवा नंदुरबारच्या मुलाला जिल्ह्याच्या ठिकाणी यायचे तर एसटीचे भाडे लागते, दिवसाची मजुरी बुडते. म्हणून केंद्रे तालुक्यापर्यंत गेली पाहिजेत. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाने 1989 पासून महाविद्यालयांत अभ्यास केंद्रे चालवून दाखवली आहेत. ऑनलाइन पदवी विकणाऱ्या विद्यापीठांना तसे करणे अशक्य नाही. घरून परीक्षा ठेवायचीच असेल, तर पायऱ्यांना गुण, अपलोडला पुरेसा जादा वेळ आणि नंतर दहा मिनिटांची तोंडी परीक्षा ठेवावी. ‘ही पायरी का केलीस?’ या एका प्रश्नात शिक्षकाला जे कळते, ते कॅमेऱ्याला दोन तासांत कळत नाही.

आपल्या बाजूनेही दोन कामे करता येतील. पहिले, प्रवेश घेण्याआधी विद्यापीठाला लेखी विचारा : परीक्षा केंद्रावर की घरून? घरून असेल, तर खोली दाखवावी लागते का? चित्रण किती दिवस ठेवता? नेटवर्क गेले तर फेरपरीक्षा आहे का? आरोप झाला तर निर्णय माणूस घेतो की यंत्र, आणि अपील कोणाकडे करायचे? उत्तर मिळत नसेल, तर फी भरण्याआधी दहा वेळा विचार करा.

दुसरे काम विहारांचे. अनेक विहारांत अभ्यासिका आहेत. तिथे एक छोटी बंद खोली, चांगला दिवा, इन्व्हर्टर, एक लॅपटॉप आणि वायफाय एवढी सोय परीक्षेच्या दिवसांसाठी करता येते. खर्च एखाद्या मिरवणुकीच्या डीजेपेक्षा कमीच येईल. जयंती मंडळांनी यंदा वर्गणी काढताना या खोलीसाठी एक वाटा बाजूला ठेवावा, आणि ऑनलाइन शिकणाऱ्या वस्तीतल्या मुलामुलींची यादी आत्तापासून करावी. सत्र परीक्षा आली की ती खोली त्यांना वेळापत्रकानुसार देता येईल.