केबलचं बिल म्हणजे पाणीपट्टी नव्हे

नव्या पेठेत साडीचे बाराशे सांगितले की नऊशेपासून बोलणी सुरू करणारे आपण सोलापूरकर. पण केबलवाला दारात आला की तो म्हणेल तेवढे पैसे मुकाट्याने त्याच्या हातावर ठेवतो. इंटरनेटचे तर त्याहून सोपे. मोबाइलवर संदेश येतो, मागच्या वेळेइतके किंवा चार पैसे जास्त भरून आपण मोकळे होतो. हा विषय काढला की ठरलेली उत्तरे मिळतात. ती मला पटत नाहीत.

सगळ्यात जास्त ऐकू येणारे उत्तर म्हणजे, "दर सरकारने ठरवलेत, आपण काय करणार?" एके काळी यात अर्धे तथ्य होते. केबलच्या डिजिटायझेशनच्या दुसऱ्या टप्प्यातल्या ३८ शहरांत सोलापूर होते. ३१ मार्च २०१३ ही मुदत होती आणि तेव्हापासून घरोघरी सेट टॉप बॉक्स बसले. पुढे १ फेब्रुवारी २०१९ पासून ट्रायची, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाची, नवी दरपद्धत आली आणि बिलाचे दोन भाग झाले. एक नेटवर्क क्षमता शुल्क, म्हणजे वाहिन्या घरापर्यंत पोचवण्याचे भाडे. दुसरा भाग, तुम्ही निवडलेल्या पैसे लागणाऱ्या वाहिन्यांची किंमत. भाड्याला १०० वाहिन्यांसाठी १३० रुपयांची कमाल मर्यादा होती. २०२० मध्ये तेवढ्याच पैशांत २०० वाहिन्या द्यायचे ठरले. मग जुलै २०२४ मध्ये ट्रायने ती मर्यादाच काढून टाकली. घरच्या ब्रॉडबँडच्या दरावर तर अशी मर्यादा नाहीच, कंपनी दर ठरवते. म्हणजे "सरकारी दर" म्हणून आपण जो निमूट भरतो, त्याला आज वरून कुणाचा लगाम नाही. तो ग्राहकानेच लावायचा आहे.

"पण असं दारात भाव करणं बरं दिसत नाही," असे माझ्याच वयाची मंडळी म्हणतात. यात कमीपणा कसला? बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायत उभी केली ती १९७४ मध्ये, ग्राहक संरक्षण कायदा व्हायच्या बारा वर्षे आधी. पैसे कशाचे घेता, हे विचारायला महाराष्ट्र तेव्हाच शिकला होता. केबलपुरते आपण ते विसरलो.

शे-दीडशे रुपयांसाठी डोके कोण लावणार, असेही विचारले जाते. हे विचारणाऱ्याला मी विडी घरकुलातल्या एका अक्कांच्या घरी न्यायला तयार आहे. दुपारची वेळ होती. मांडीवर सूप, बोटे पानावर चाललेली, डोळे तेलुगू मालिकेवर. संध्याकाळी सून मराठी लावते. महिन्याला ३५० रुपये जात होते. मी म्हटले, "अक्का, नेमकं काय काय घेतलंय ते बघू या का?" केबलवाल्याच्या पोराला यादी मागितली. "पॅक असाच येतो," तो म्हणाला. पुन्हा मागितली, तेव्हा आली.

यादीत कन्नडचा अख्खा पॅक होता. घरात कन्नड कुणालाच येत नाही. सोलापुरात मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू अशा चार भाषा नांदतात हे आपले वैभवच आहे, पण म्हणून चारही भाषांचे पैसे प्रत्येक घराने का भरावेत? खेळाच्या वाहिन्या दिसल्या तेव्हा अक्का उडाल्याच. "पोरगा तर मॅच मोबाइलवरच बघतोय की ओ!"

तेलुगूचा पॅक ठेवला, कारण तो सुट्या वाहिन्यांपेक्षा स्वस्त पडत होता. (पॅकवर सुट्या किमतींच्या बेरजेच्या ४५ टक्क्यांपर्यंत सूट देता येते, म्हणून सगळे सुटे घेतले की बिल उतरतेच असे नाही. दोन्ही हिशोब मांडून बघावे लागतात.) मराठीच्या मोजक्या वाहिन्या सुट्या घेतल्या. वाहिन्यांचे ४२ आणि भाड्याचे १३०, एकूण १७२. त्यावर १८ टक्के जीएसटी धरून २०३ रुपये. महिन्याला १४७ रुपये वाचले, वर्षाला १,७६४. विड्यांची मजुरी हजारावर मिळते. १,७६४ रुपयांसाठी किती दिवस सूप मांडीवर घेऊन बसावे लागते, ते अक्कांनी मला बोटांवर मोजून दाखवले. तेव्हापासून "शे-दीडशेचं काय एवढं" हे वाक्य माझ्या तोंडून निघालेले नाही.

आता ज्या आक्षेपाचा मला खरोखर आदर आहे, त्याकडे येतो. "केबलवाला आपल्याच गल्लीतला. त्याच्या पोटावर पाय कशाला?" बरोबर आहे, देऊच नये. पण पैसे जातात कुठे ते तरी पाहा. मोठ्या वितरक कंपनीशी वेगळा करार नसेल तर त्या भाड्यातले ५५ टक्के कंपनीचे आणि ४५ टक्के गल्लीतल्या चालकाचे. १३० रुपयांतले त्याला ५८ रुपये ५० पैसे मिळतात. त्यातच तारा, वसुलीचा पोरगा आणि भर पावसात खांबावर चढणे आले. वाहिनीच्या किमतीतला मोठा वाटा मात्र वाहिनी चालवणाऱ्या कंपनीकडे जातो. म्हणून "दादा, वीस रुपये कमी करा" ही घासाघीस चुकीच्या माणसाशी आहे, ती मी कधी करत नाही. त्याचे भाडे पुरते द्या आणि न पाहिलेल्या वाहिन्या काढा. वाढत्या बिलाला कंटाळून लोक बॉक्स माळ्यावर टाकतात, नाहीतर महिन्याचे शुल्क नसलेली दूरदर्शनची फ्री डिश बसवतात, तेव्हा चालकाचे ते ५८ रुपयेही जातात. बोलून बिल कमी करणारा ग्राहक त्याच्याकडे टिकतो.

इंटरनेटच्या बाबतीत मात्र थेट भाव करावा, आणि योजना संपायच्या आठवडाभर आधी करावा. माझा अनुभव सांगतो. मागच्या वर्षी मी फोन करून एवढेच विचारले, "याच वेगाचा नव्या ग्राहकाला काय दर आहे?" तो माझ्यापेक्षा कमी निघाला. जुन्या गिऱ्हाइकाला महाग आणि नव्याला स्वस्त! मी शेजारच्या इमारतीत आलेल्या दुसऱ्या जोडणीचा दर सांगितला आणि बंद करायची तारीख विचारली. दुसऱ्या दिवशी त्यांचाच फोन आला आणि नव्याचा दर मला मिळाला. सांगितलेल्या दरात जीएसटी धरला आहे का, राउटर परत द्यायचा का, तीन-चार दिवस लाइन बंद पडली तर ते दिवस वाढवून देणार का, हेही तेव्हाच विचारून घ्यावे. वर्षाचे पैसे एकदम भरून मिळणाऱ्या सवलतीच्या मोहात मी पडत नाही. सेवा बिघडली तर सोडून जाण्याची मोकळीक हीच आपली ताकद आहे, ती आगाऊ पैसे भरून गहाण टाकू नये. सहा महिने पुष्कळ झाले.

"कंपनी ऐकतच नाही" म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांनी तक्रार तोंडी केलेली असते. तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्या. इंटरनेटवाल्यांना वर अपील प्राधिकरण आणि केबलवाल्यांना नोडल अधिकारी नेमावा लागतो, त्याच्याकडे त्या क्रमांकानिशी जा. तिथेही दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे.

या महिन्यात वसुलीला माणूस येईल तेव्हा पैसे द्यायच्या आधी वाहिन्यांची यादी मागा. "पॅक असाच येतो" म्हणाला तर पुन्हा मागा. आणि ती यादी घरात दुपारी टीव्हीसमोर बसून काम करणाऱ्या बाईला आधी वाचून दाखवा.